फुगवट्यावरची नोंदवही

एप्रिल उतरत आला की हिडकलचं पाणी मागं सरतं
आणि बुडालेल्या शिवारातले हद्दीचे दगड
एकेक करून वर येतात, अंगावर वाळलेलं शेवाळ.
त्यांच्या मधल्या चिखलात छोटे टिलवे.
मुठीत मावतील एवढे.
चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी, खाली-वर, खाली-वर.

मी पाटबंधारे खात्यात पट्टी वाचायचो.
एकतीस वर्षं पाण्याचे आकडे कानडीत भरले,
पाखरांचे मराठीत, त्याच वहीच्या मागच्या पानांवर.
पुढची पानं निवृत्तीबरोबर बंद झाली.
मागची चालू आहेत.

बीराप्पा मेंढरं थांबवून विचारतो,
"काय बघालाईस गा रोज?"
म्हटलं, पाठीवर बघ, गंज चढालाय.
जानेवारीत राखेच्या रंगाची होती,
आता पिसांच्या कडा तांबूस.
कपडे इथं चढवायचे, लग्न तिकडं, टुंड्रावर.
बीराप्पा जरा वेळ बघत राहिला.
"म्हंजे आपल्याकडं नुसतं जेवून जात्यात."

खरं आहे. एकोणीस हिवाळे मी त्यांना जेवतानाच बघितलं.
अंडं बघितलं नाही.
गाणं ऐकलं नाही. इथं ती गात नाहीत.

कस्तुरी, संकेश्वरच्या चौगुल्यांची,
माझ्याच दुर्बिणीवर शिकलेली,
या जूनमध्ये तिथं आहे, सूर्य न मावळणाऱ्या माळावर.
आठवड्याला निरोप येतो, तुटक:
घरटं अकरा. अंडी चार, टोकं आत.
मादीनं पहिली चार नराच्या अंगावर टाकली,
दुसरी चार घालून स्वतः बसलीय.
जवळ गेलं की पंख ओढत पळते, उंदरासारखी, पायांतून.
घरटं सात कोल्ह्यानं नेलं. मी तीस पावलांवर होते.
नोंद करायची, हात लावायचा नाही.
सर, तुम्हीच सांगितलं होतं.

एकदा तिनं नराचं गाणं पाठवलं.
चार वेळा ऐकलं. ओळखता आलं नाही.
कचेरीत रोज भेटणाऱ्या माणसाचा
घरातला आवाज असावा, तसं.

भाषणांत म्हणतात, पाखरांना सीमा नसते.
साफ खोटं.
आमच्या टिटवीची हद्द चौतीस पावलं. मी मोजलीय.
पस्तिसाव्याला ती गप्प,
चौतिसाव्याला सगळं शिवार उठवते.
तिचीही चारच, टोकं आत,
हद्दीच्या दगडाला लागून, खड्यांत खडे.
गेलो की लंगडते, डावा पंख मोडल्यागत फरफटवते.
ते सोंग आहे हे मला ठाऊक,
मला ठाऊक आहे हे बहुधा तिलाही.
तरी मी तिच्या मागं जातो, पार बाभळीपर्यंत.
रीत म्हणून.

बावीस जून. इथं आभाळ कोरडं,
पण वर घाटात काहीतरी झालंय.
पट्टीवर एका रात्रीत दोन फूट.
सवय सुटत नाही, गणित आपोआप होतं:
दगडाशी पाणी गुरुवारी.
अंडी फुटायला अजून नऊ दिवस.

बुधवारी पहाटे
खुरप्यानं वीतभर वर एक खळगा केला.
तेच खडे, त्याच क्रमानं.
मग चार.
हाताला कोमट लागली,
नुकत्याच उठलेल्या माणसाच्या उशीसारखी.
ती बाभळीकडं लंगडत होती, ओरडत होती,
थांबून मागं बघत होती.
पहिल्यांदाच मी तिच्या मागं गेलो नाही.

सूर्य वर आला तेव्हा ती बसली.
आधी जुन्या जागी, थोडा वेळ.
मग नव्या.

संध्याकाळी कस्तुरीला कळवलं:
टिटवी, अंडी चार, पाणी चढतंय.
तिच्या तक्त्यात शेवटचा रकाना आहे, हस्तक्षेप.
वहीत तो मीही आखून घेतलाय.
तिथं 'नाही' लिहिलं.
अक्षर जरा लंगडं आलं.

दगड गुरुवारी दुपारी बुडाला.
खुरपं पिशवीतच आहे.